लेक परदेशी कामाला निघताना



मी नवी मुंबईतून, कोपरखैरण्याहून बोलतेय. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी कामाला लागले आणि त्यांच्यामागं मी इकडं आले. तुमच्यातल्या पुष्कळजणींचं कुणी ना कुणी असंच इकडं असेल. गावाकडून कुणी शिकायला, दवाखान्याला, नोकरी शोधायला निघालं की आधी आमच्यासारख्यांच्या घरी उतरतं. आता परदेशी जायचं म्हणणारी पोरंही उतरायला लागलीत. ८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. पोरांना वाटतं, विमानतळ दारात आला म्हणजे परदेश दारात आला. तसं काही नसतं. मधली वाट कशी चालायची, आणि त्यात घरातल्या बायांनी काय बघायचं, ते आज सांगते. आमच्याच घरातली गोष्ट आहे.

माझी पुतणी, म्हणजे धाकट्या दिराची मुलगी, हॉटेल मॅनेजमेंट शिकायला माझ्याकडं राहिली. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली. पदवी झाली, इथल्याच एका हॉटेलात कामाला लागली. २०२४ चे गणपती उठले आणि एका रात्री ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "काकी, ऑस्ट्रेलियात एक वर्ष राहता येतं, फिरता येतं आणि कामही करता येतं. आपल्या देशाला आता हे खुलं झालंय. मी जाऊ?"

मी म्हटलं, "आधी मला समजू दे, मग बोलू."

तर ते असं आहे. भारत आणि ऑस्ट्रेलियाचा एक व्यापार करार २०२२ मध्ये झाला. त्यात ठरलं की भारतातल्या तरुण मुलामुलींना दरवर्षी एक हजार व्हिसे द्यायचे. त्याला 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा म्हणतात. १६ सप्टेंबर २०२४ पासून तो आपल्याला लागू झाला. वय १८ ते ३०. शिक्षण म्हणजे पदवी, नाहीतर पदवीची निदान दोन वर्षं पूर्ण. कामापुरतं इंग्रजी यायला हवं. लहान मूल असेल तर ते सोबत नेता येत नाही. बारा महिने राहता येतं. हा व्हिसा फिरण्यासाठी आहे, आणि फिरण्याचा खर्च निघावा म्हणून काम करायची मुभा आहे. एका मालकाकडं साधारण सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही. म्हणजे ही कायमची नोकरी नाही आणि तिथं कायम राहायचा परवानाही नाही.

जागा एक हजार आणि आपला देश एवढा मोठा. पहिल्या वर्षी नावं घ्यायला लागल्यावर दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज गेले. म्हणून तिथलं सरकार चिठ्ठ्या काढतं. चिठ्ठ्या म्हणजे संगणकानं काढलेल्या. ज्याचं नाव निघेल त्यानंच पुढं व्हिसाचा अर्ज करायचा.

आता इथंच घोळ झाला. पुतणीला मैत्रिणीनं एक ऑफिस सांगितलं. आमच्याच नवी मुंबईत, एका स्टेशनजवळच्या इमारतीत. मी तिच्यासोबत गेले. काचेचं दार, थंडगार एसी, भिंतीवर विमानाचं चित्र. तिथला माणूस गोड बोलला. "मावशी, एक हजारातल्या काही जागा आमच्या हातात आहेत. साडेतीन लाख भरा, नाव निघणार म्हणजे निघणार. आज पन्नास हजार टोकन द्या, बाकीचे नाव निघाल्यावर." मी पावती मागितली, तर म्हणाला, "पावती फाइलबरोबर मिळेल." पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला वाटलं, झालंच काम.

तिनं गावी आईला फोन केला. जाऊबाई माझी भोळी आहे, पण लेकीसाठी जीव टाकते. तिनं ठरवलं की गंठण गहाण ठेवायचं आणि उरलेल्यासाठी गटातून कर्ज उचलायचं. मी घट बसायला गावी गेले होते, तेव्हाच गटाची मीटिंग होती, शाळेच्या व्हरांड्यात. जाऊबाईनं मागणी मांडली. सगळ्या गप्प झाल्या. लेकीच्या पुढं जाण्याला नाही कोण म्हणणार?

मग गटातल्या एक म्हाताऱ्या काकू बोलल्या. अंगठ्यावरून सहीवर आलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "भिशीची चिठ्ठी आपण बारक्या पोराला काढायला लावतो. का? तर कुणी म्हणू नये की घडी ओळखून काढली. हा माणूस म्हणतो, पैसे द्या, मी नाव काढतो. मग एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर ती चिठ्ठीच खोटी आहे. कसंही असलं तरी आपण पैसे का द्यायचे?"

बायांनो, मी बारावी शिकलेली, शहरात राहते, आणि हे मला त्या एसी ऑफिसात सुचलं नव्हतं.

गटानं साडेतीन लाखांना नाही म्हटलं. पण मुलीला नाही म्हटलं नाही. तिला पासपोर्टाला आणि इंग्रजीच्या परीक्षेला लागतील म्हणून वीस हजार दिले, शेकडा एक रुपया व्याजानं, दहा हप्त्यांत फेडायचे. पुतणी मात्र फार चिडली. रडली. म्हणाली, "तुम्ही लोक मला पुढं जाऊच देणार नाही." आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तरी नाव टाकायचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं. ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर. त्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एयू' असतं, हे बघून घ्यायचं. दिसायला तशीच असलेली खासगी पानं खूप आहेत. फी होती २५ डॉलर, तिथले डॉलर. आपले दीड हजाराच्या आतले रुपये. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागला, तो सुरू केला आणि पैसे भरल्यावर पुन्हा बंद केला. एका माणसाचं एकच नाव, दोनदा टाकून चालत नाही. साडेतीन लाखांचं म्हणून जे काम सांगितलं होतं, ते घरात बसून दीड हजारात झालं.

पण नाव टाकायला पासपोर्ट आणि पॅन कार्ड दोन्ही लागतात. आणि आता मी जे सांगते ते नीट ऐका, कारण आपल्या मुली नेमक्या इथं अडकतात.

आपल्याकडं एकाच मुलीची चार नावं असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलट. कुठं वडिलांच्या नावापुढं 'राव' आहे, कुठं नाही. इंग्रजीतलं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. लग्न झालं असेल तर बँकेत सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. गावात हे चालून जातं. परदेशी व्हिसाच्या कामात चालत नाही. पासपोर्टवर जे नाव, अक्षर न् अक्षर तेच बाकी कागदांवर लागतं.

आमच्या मुलीच्या आधारवर नावात एक अक्षर चुकलेलं होतं. दहावीची गुणपत्रिका दाखवून आधी आधार दुरुस्त केलं, मग पॅन, आणि मग पासपोर्टाचा अर्ज. साध्या पासपोर्टाची फी १,५०० रुपये, ३६ पानांच्या पुस्तिकेला. ती पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरच भरायची. पोलीस चौकशी आमच्या इथल्या पत्त्यावर झाली, कारण ती माझ्याकडं राहत होती. गावचा पत्ता टाकला असता तर चौकशी गावी गेली असती आणि पोरगी सापडली नसती. हे सगळं नाव टाकायच्या मुदतीच्या आत बसवताना आमची दमछाक झाली. मुदत ३१ ऑक्टोबर होती, पासपोर्ट हातात आला त्याच्या चार दिवस आधी.

ज्यांच्या घरात बारावीतली, कॉलेजातली मुलगी आहे, त्यांनी कुठं जायचं असो नसो, कागदावरची नावं आत्ताच सारखी करून घ्या. कारण चिठ्ठी निघाली की व्हिसाचा अर्ज भरायला फक्त २८ दिवस मिळतात. तेवढ्यात काही दुरुस्त होत नाही.

त्या वर्षी तिचं नाव निघालं नाही.

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. साडेतीन लाख भरले असते तर निघालं असतं का? पोरगी तर तोंडावर म्हणालीच. पुढं चार-पाच महिन्यांनी आम्ही त्या इमारतीवरून जात होतो. काचेच्या दाराला कुलूप, पाटी गायब. खाली चहावाल्याकडं विचारलं, तर म्हणाला, "रोज कुणी ना कुणी येऊन विचारतंय." कराडकडचा एक मुलगा तिथं उभा होता. तीन लाख दिले होते, वडिलांनी जमीन गहाण टाकून. पावती नव्हती. पुतणी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "काकी, त्या गटातल्या आजींना मी भेटून येणार आहे."

असा पैसा गेला तर गप्प बसू नका, हेही सांगून ठेवते. मोबाइलवरून, बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात तक्रार. लोक हसतील म्हणून घरं गप्प राहतात आणि तोच माणूस दुसऱ्या गावात नवी पाटी लावतो.

आता ती जी वाट बघायची वर्षं आली, त्यात खरी तयारी झाली. ती सांगते.

पहिली तयारी पैशाची. व्हिसासाठी आपल्या खात्यावर ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत, हे दाखवावं लागतं. आपले सगळे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास धरा. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. ते तिच्याच खात्यात राहतात आणि तिथं गेल्यावर काम मिळेपर्यंत खायला-राहायला लागतात. कुणी म्हणालं, "हे पैसे आमच्या खात्यात ठेवा, आम्ही दाखवतो," तर तिथंच उठायचं. व्हिसाची फी वेगळी, साडेसहाशे डॉलरच्या पुढं, म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. ती दर जुलैला वाढू शकते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला इंग्रजीची परीक्षा, तिचे सतरा-अठरा हजार. जायचं तिकीट, आजारपणाचा विमा. आपल्या माणसाला तिथलं सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळत नाही, त्यामुळं विमा काढल्याशिवाय जाऊ नये. या सगळ्यात पाच लाख लागतात असं समजून चाला.

पुतणीचा पगार अठरा हजार. त्यातले नऊ हजार ती पोस्टात आवर्ती ठेवीत टाकते. गटाचे वीस हजार तिनं दहा महिन्यांत फेडले. गंठण जाऊबाईच्या गळ्यातच आहे. पैसे जमायला वेळ लागतो, पण कर्ज काढून गेलेली मुलगी तिथं वाईट मालकाकडंही चिकटून राहते, कारण परत आली तर हप्ते कसे भरणार? आणि स्वतःच्या पैशानं गेलेली मुलगी "हे काम मला नको" म्हणू शकते. मला सगळ्यात मोठा फरक हा वाटतो.

दुसरी तयारी इंग्रजीची. या व्हिसाला फार वरचे गुण लागत नाहीत. आयईएलटीएस नावाच्या परीक्षेत सरासरी साडेचार पुरतात. पण पास होणं वेगळं आणि फोनवर घरमालकाशी भाडं ठरवणं वेगळं. ती हॉटेलात रिसेप्शनवर बदली मागून बसली. सुरुवातीला घाम फुटायचा. आता पाहुणा चिडला तरी ती शांतपणं बोलते.

तिसरी तयारी कामाची. तिथं अशा व्हिसावर मिळणारी कामं म्हणजे हॉटेलात वाढणं, भांडी, खोल्या साफ करणं, शेतात फळं तोडणं, पॅकिंग. घरी नातलगांना सांगताना लाज वाटू नये अशी मनाची तयारी हवी. आमच्या दिराला हे पचायला वेळ लागला. "पदवी घेऊन भांडी घासणार?" मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुमचे थोरले भाऊ दहावी पास होऊन गोणी उचलायला लागले, म्हणून तर आपलं घर उभं राहिलं." मग गप्प झाले. शिवाय तिला स्वतःचा स्वयंपाक, कपडे, हिशोब, थोडं शिवण, सगळं शिकवलं. एकटीनं राहायचं तर विकत खाऊन परवडत नाही.

चौथी तयारी म्हणजे तिथले कायदे माहीत असणं. हे मी पाठच केलंय. ऑस्ट्रेलियात सरकारनं ठरवलेली कमीत कमी मजुरी आहे, १ जुलै २०२५ पासून तासाला २४ डॉलर ९५ सेंट. व्हिसा कुठलाही असो, त्याच्या खाली कुणाला राबवता येत नाही. फळं तोडायचे पैसे पेटीवर ठरवले, तरी २०२२ पासून तासाची किमान मजुरी द्यावीच लागते. पगाराची चिठ्ठी दर वेळी मिळायला हवी. मजुरी बुडवली तर 'फेअर वर्क ऑम्बुड्समन' नावाचं सरकारी कार्यालय तक्रार घेतं. पासपोर्ट मालकाकडं कधी ठेवायचा नाही, "सांभाळून ठेवतो" म्हणाला तरी नाही. अडचणीत पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन, तिन्हींचा नंबर तीन शून्य.

आणि डॉलरला लगेच रुपयानं गुणू नका. तासाचे २४ डॉलर ऐकून घरचे हिशोब मांडतात, "महिन्याला एवढे लाख." तिथं खोलीचं भाडं आठवड्याला मोजतात, आणि घर भाड्यानं घेताना चार आठवड्यांचं भाडं अनामत घेतात. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो. आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखी रक्कम मालक जमा करतो, पण देश सोडताना ती काढली तर त्यातले ६५ टक्के करात जातात. काम रोज मिळेलच असंही नाही. वर्षभरात मुलगी राहून, फिरून, शिकून आली आणि थोडे पैसे उरले, तर पुष्कळ झालं. घर बांधायचा हिशोब तिच्या डोक्यावर ठेवू नका.

ऑस्ट्रेलियासारखीच एक योजना इंग्लंडचीही आहे. 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' म्हणतात. २०२३ मध्ये सुरू झाली. वर्षाला ३,००० जागा, वय १८ ते ३०, पदवी लागते, दोन वर्षं राहता येतं. तिथंही चिठ्ठीच निघते, आणि चिठ्ठीत नाव टाकायला एक पैसाही लागत नाही. नाव निघालं तर खर्च मोठा आहे. खात्यावर २,५३० पौंड २८ दिवस राहिलेले दाखवायचे, आणि सरकारी दवाखान्यासाठी वर्षाला ७७६ पौंड, दोन वर्षांचे आधीच भरायचे. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

आता तुमच्यातल्या कुणी म्हणतील, "आमची मुलगी एवढी शिकलेली नाही. तिला कुवेतला, दुबईला घरकामाला नेतो म्हणतात." त्यांच्यासाठी वेगळं सांगते, कारण तिथं धोका जास्त आहे.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया धरून १८ देशांत कामाला जाताना भारत सरकारची परवानगी घ्यावी लागते. बाईचं वय ३० पूर्ण नसेल तर असा शेरा असताना या देशांत घरकामाला जायची परवानगी मिळतच नाही. आणि तीस पूर्ण असलेल्या बाईलाही सरकारनं ठरवलेल्या सरकारी संस्थांमार्फतच जाता येतं. म्हणून जो एजंट म्हणतो, "टुरिस्ट व्हिसावर चला, तिथं गेल्यावर बदलून देतो," तो तुमच्या मुलीला कायद्याच्या बाहेर नेऊन सोडतो. मग मालकानं मारलं, पगार अडवला, तरी कागदावर ती तिथं कामाला गेलेलीच नसते.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडं परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, १९८३ च्या कायद्यानं. परवाना असलेल्यांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर आहे. नाव आणि नंबर तिथं ताडून बघायचा. अशा एजंटालाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते. ईसीआर शेऱ्यावर जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघातात जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख मिळतात. एजंटानं या विम्याचं नावही काढलं नाही, तर समजा काहीतरी लपवतोय.

आणि एक. कंबोडिया, म्यानमार, लाओस इकडं 'कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम, भरपूर पगार, परीक्षा नाही' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आपल्या देशातली कितीतरी पोरं तिथं नेऊन कोंडली गेली आणि त्यांच्याकडून लोकांना फसवायचं काम करून घेतलं. आपल्या सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं. न शिकता, न तपासता कुणी जास्त पगार देत असेल, तर तो कशाचा देतोय हे विचारा.

शेवटी आयांच्या मनातलं बोलते. जाऊबाई मला एकदा म्हणाली, "ताई, ती गेली तर लग्नाचं काय? लोक काय म्हणतील? आणि तिकडं तिला काही झालं तर मी पाटणहून कुठं धावू?" पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नाही, ते ज्याच्या त्याच्या घरचं आहे. तिसऱ्याची मात्र आम्ही तयारी केली.

एक प्लॅस्टिकची फाइल केली. तिच्यात पासपोर्ट, पॅन, पदवी, विमा यांच्या झेरॉक्स. गेल्यावर व्हिसाचा कागद, राहायचा पत्ता, मालकाचं नाव आणि नंबर, सोबतच्या एका मैत्रिणीचा नंबर, हेही त्यात जाईल. एक फाइल माझ्याकडं, दुसरी जाऊबाईकडं. आठवड्यातून दोन वार फोनचे ठरवलेत. तिकडं घड्याळ आपल्यापेक्षा काही तास पुढं असतं, त्यामुळं दुपारीच करायचा. आणि एक शब्द ठरवलाय, तो तुम्हाला सांगत नाही. फोनवर तिनं तो म्हटला की समजायचं, तिला मोकळेपणी बोलता येत नाही, ती अडचणीत आहे. मग भारताच्या तिथल्या वकिलातीला फोन करायचा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार टाकायची. ती कशी टाकतात हे जाऊबाई गटातल्या शिकलेल्या सुनेकडून शिकलीय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात. त्याला ती हात लावणार नाही आणि आम्हीही मागणार नाही. जाऊबाईनं तिला समोर बसवून सांगितलंय, "महिन्यात परत आलीस तरी चालेल. कुणी काही विचारणार नाही." मुलीला निघताना हे ऐकवून ठेवा. फसलेल्या मुली पुष्कळदा लाजेपोटी थांबतात.

पुतणीनं दुसऱ्या वर्षी पुन्हा नाव टाकलं. अजून बोलावणं आलेलं नाही. येईल किंवा येणार नाही, ती चिठ्ठी आहे. पण ती आता हॉटेलात सुपरवायझर झालीय, दिवाळीला गावी गेली तेव्हा त्या काकूंसाठी साडी घेऊन गेली, आणि गटातल्या तीन मुलींचे आधार आणि पॅन सारखे करून देऊन आली.

आमच्या गटानं वहीत एक ठराव लिहिलाय. परदेशी जाण्यासाठी कर्ज मागितलं तर आधी पाच गोष्टी विचारायच्या. व्हिसा कामाचा आहे की टुरिस्ट? एजंटाचा परवाना ई-मायग्रेटवर दिसतो का? पैशाची पावती मिळते का? सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का? आणि परतीचे पैसे कुठं ठेवलेत? पाचांची उत्तरं मिळाली तर पुढं बोलायचं. तुमच्या वहीतही लिहून घ्या. पुढच्या मीटिंगला वाचा.

येते मी. नमस्कार.